खळ पातळ करणारा

मित्रांनो, मी एक जुना कामगार आहे. जुना म्हणालो खरा, पण वय विचाराल तर माझीच पंचाईत होईल. मी घासाबरोबर तोंडात येतो, काम करतो आणि तो घास पोटात उतरला की थोड्या वेळात संपतोसुद्धा. लगेच माझ्या जागी दुसरा मी हजर असतो. दुकानावरची पाटी तीच, गादीवरचा माणूस तेवढा नवा. म्हणून मी स्वतःला जुनाच समजतो आणि मागच्या साऱ्या आठवणी माझ्याच म्हणून सांगतो.

माझा पत्ता लाळ आणि माझं नाव अमायलेज. शाळेच्या पुस्तकात माझ्या जमातीला विकरं म्हणतात. लाळ म्हटल्याबरोबर नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. लाळ गाळणं म्हणजे हावरटपणा, लाळघोट्या म्हणजे खुशामत करणारा. आमच्या नावाने धड शब्दच नाहीत. चांगलं काही शिजत असलं की तुम्ही म्हणता, तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा मला जरा बरं वाटतं, पण बघा, तिथेही तुम्ही मला पाणीच करून टाकलंत!

माझं काम सांगतो. पाव, बटाटा, भात, मैदा या सगळ्यांत पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. कण साखरेचे असले तरी माळ इतकी लांब असते की जिभेला गोडवा लागत नाही. आणि ती पाण्यात शिजवली की माळा एकमेकींत गुंततात आणि पाणी दाट होतं. मी या माळा तोडतो. माळ तुटली की गोडवा सुटतो आणि दाटपणा जातो. एवढं लक्षात ठेवा, कारण गोडव्याने माझं कौतुक झालं आणि दाटपणाने माझ्या माणसाचा घास जवळजवळ हिरावला.

मी ज्यांच्या तोंडात राहतो ते पुस्तकं बांधतात. गल्लीतले सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला काकू. काका जन्मले तेव्हा मी जवळजवळ नव्हतोच. दुधावर वाढणाऱ्या बाळाला माझं फारसं काम नसतं. पुढे एके दिवशी त्यांच्या आईने उकडलेला बटाटा बोटाने कुस्करून त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी तो थुंकून टाकला. आईने पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा थुंकला, आणि असं बराच वेळ चालल्यावर कंटाळून त्यांनी तो गिळला. तिथून माझी नोकरी सुरू झाली.

कानाच्या पुढे, गालाच्या आत एक लाळग्रंथी असते. माझं मुख्य जन्मस्थान ते. जबड्याखाली आणि जिभेखालीही आमच्या छोट्या शाखा आहेत. माझा एक चुलत भाऊ स्वादुपिंडात असतो. त्याचं काम माझ्यापेक्षा मोठं आहे हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मी सुरुवात करतो, जठरातलं आम्ल माझा निकाल लावतं आणि लहान आतड्यात तो उरलेल्या माळा तोडायला घेतो. आतड्याच्या भिंतीला चिकटलेली आणखी काही विकरं शेवटचे दुवे सोडवतात. दुधातल्या साखरेला एक, डब्यातल्या साखरेला दुसरं, अशी त्यांची वाटणी आहे. मग सुटी झालेली साखर रक्तात जाते आणि कुणी जिना चढतं, कुणी पुस्तक शिवतं, कुणी भांडतं. भांडायलाही साखर लागते, मित्रांनो, आणि आमच्या घरात ती बरीच लागायची.

घराची पुढची खोली म्हणजे काकांचा कारखाना. दोन लांब टेबलं, एक लोखंडी दाबयंत्र आणि भिंतीला टेकून पुठ्ठ्यांची चवड. छापलेल्या कागदांना घड्या घालायच्या, त्यांचे जुडगे दोऱ्याने शिवायचे, शिवलेल्या पाठीला खळ लावायची, वर पुठ्ठा चढवायचा आणि सगळं दाबाखाली ठेवायचं. खळ करणं हे काकूंचं खातं. मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. त्यांच्या खळीत कधी गुठळी सापडली नाही. सकाळी एक मोठं पातेलं शिजवायचं, त्यात ब्रश उभा करून ठेवायचा आणि तेच संध्याकाळपर्यंत पुरवायचं, ही त्यांची पद्धत.

काकूंची खळ सकाळी ब्रशवरून सुटायला नको म्हणायची. दुपारी मात्र ती पाण्यासारखी पातळ व्हायची. काकूंनी मैद्यावर संशय घेतला आणि पिशवी उचलून तडक वाण्याच्या दुकानात गेल्या. वाणी शपथेवर म्हणाला, "वहिनी, मैदा तोच, गिरणी तीच. तुमच्याच घरात कुठेतरी पाणी मुरतंय."

पाणी मुरत होतं ते माझ्या घरात. काकांना एक खोड होती. पातळ कागद सुटे करायचे असले की ते बोट जिभेला लावत, कागद उचलत आणि तेच बोट खळीत बुडवून पाठीवर फिरवत. ब्रश बिचारा पातेल्यात उभाच. प्रत्येक बोटाबरोबर मी खळीत उतरत होतो. समोर शिजलेल्या पिष्टाचं एवढं मोठं पातेलं! मी काय करणार? माझं काम मी मन लावून केलं.

काकू काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी एक दिवस वाटीभर खळ बाजूला काढून झाकून ठेवली. संध्याकाळी वाटीतली खळ जशीच्या तशी आणि पातेल्यातली पाणी झालेली. मग त्या कमरेवर हात ठेवून काकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, ब्रश कशाला आणलाय? शोभेला?"

"अगं, बोटाला जे कळतं ते ब्रशला कळत नाही."

"बोटाला नाही, जिभेला! तुमच्या उष्ट्या बोटाने माझी खळ नासते. ही वाटी बघा आणि हे पातेलं बघा."

काकांनी दोन्ही पाहिलं, हसले आणि बोट पुन्हा जिभेला लावलं. काकूंनी मग एका बशीत ओला स्पंज आणून ठेवला. बोट भिजवायचं तर यात भिजवा, असा हुकूम निघाला. तो काही दिवस पाळला गेला. पुढे बशी तिथेच राहिली, स्पंज वाळून खडखडीत झाला, काका जिभेकडे वळले आणि काकू पुन्हा ओरडू लागल्या. त्यांच्या संसारात जसं हे भांडण होतं तसंच त्या दोघांचं जेवणही होतं. कितीही भांडले तरी दोघं एकाच टेबलाशी, समोरासमोर बसून जेवत. काका हळू जेवणारे. पावाचा तुकडा तोंडात घोळवत राहत आणि शेवटी म्हणत, "बघ, आता गोड लागायला लागला." काकू म्हणत, "तुमचं होईपर्यंत माझी भांडी वाळतात." तो गोडवा माझा होता. आयुष्यात मला मिळालेलं कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण ते रोजचं होतं.

एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. कागदसुद्धा साखरेच्या कणांचाच बनलेला असतो. पण त्यातल्या दुव्यांची गाठ वेगळी असते आणि ती मला सुटत नाही. काकांनी जन्मभर ओल्या बोटाने पानं उलटली, पण मी एका पानालाही धक्का लावला नाही. जे तोडायचं ते तोडायचं आणि बाकी सोडून द्यायचं, इतकी समज निसर्गाने मला दिली आहे.

मग तो दिवस आला. काका एका जाडजूड शब्दकोशाची पाठ शिवत होते. अचानक सुई बोटांतून गळाली. ती उचलायला गेले तर उजवा हात उचलेना. तोंडाची एक बाजू ओघळली आणि माझं अर्धं घर बधिर झालं. काकू खळ ढवळत होत्या. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा त्या पळीसकट बाहेर धावल्या.

अर्धांगवायूचा झटका होता. वेळेवर दवाखान्यात पोचल्यामुळे जीव वाचला. हातात थोडी ताकद परतली, बोबडे का होईना शब्द फुटू लागले, पण गिळणं गेलं. गिळणं ही किती अवघड कसरत आहे हे ती चुकेपर्यंत कुणाला कळत नाही. घास मागे सरकताना श्वासाची वाट बंद व्हावी लागते. ती वेळेवर बंद झाली नाही तर घास फुप्फुसाकडे जातो. म्हणून काकांच्या नाकातून नळी घातली गेली आणि अन्न थेट जठरात जाऊ लागलं. पुढे चुलत भावाचं काम चालू होतं, पण मी बेकार झालो. मी तयार होत होतो, तोंडात येत होतो आणि समोर काहीच नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचं आणि रुमालात संपायचं, एवढंच माझं आयुष्य उरलं. तेव्हा माझ्या मनाला फार लागलं.

नर्सने काकूंना ओठ ओले करायला छोटा स्पंज दिला. काकूंनी तो भिजवला, काकांच्या ओठांवरून फिरवला आणि म्हणाल्या, "लावलात ना शेवटी स्पंज? इतकी वर्षं सांगत होते." काकांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. काकूंना मात्र हसता हसता रडू आलं.

तिथे गिळणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी समजावून सांगितलं की साधं पाणी फार झरझर पळतं, काकांचा घसा तितका चपळ राहिलेला नाही, म्हणून पाण्यात एक पावडर घालून ते दाट करायचं. दाट पाणी सावकाश सरकतं आणि घशाला तयारीला वेळ मिळतो. त्यांनी पेल्यात पाणी दाट केलं, एक चमचा काकांच्या जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "घाई नाही. हनुवटी खाली. आता गिळा." काकांनी गिळलं. ठसका लागला नाही. दुसरा चमचाही गेला. काही दिवस असाच सराव झाला आणि नाकातली नळी निघाली. "घरी सगळं दाट करूनच द्या," मॅडम म्हणाल्या, "पातळ काही नको."

दाट करणं? अहो, काकूंच्या हातचा तो मळ होता! त्यांची छाती अभिमानाने फुगली. घरी आल्यावर त्यांनी सकाळी सकाळी पातेलं घेतलं, पावडर घातली, गुठळी होऊ न देता ढवळलं, आणि दिवसभराचं पाणी एकदम दाट करून काकांच्या उशाशी ठेवलं. त्यात चमचा उभा करून ठेवला. अगदी खळीत ब्रश ठेवतात तसा.

ओळखलंत ना पुढे काय झालं ते?

ती पावडर पिष्टाचीच होती. डब्यावर औषधासारखी चिठ्ठी होती, म्हणून ती मैद्याच्या नात्यातली असेल हे काकूंच्या मनातही आलं नाही. चमचा काकांच्या तोंडात जाई, तिथून पातेल्यात, पातेल्यातून पुन्हा तोंडात. चमच्याबरोबर मी पातेल्यात उतरत होतो आणि माळा तोडत होतो. सकाळचे पहिले काही चमचे नीट जात. दुपारपर्यंत पातेल्यात निव्वळ पाणी उरे. काका आता फारच सावकाश घेत, चमचा तोंडात धरून राहत, आणि तेवढ्या वेळात मी तोंडातलंही पातळ करून टाकायचो. मग ठसका लागे. डोळे बाहेर येत, चेहरा लाल होई, काकू पाठ चोळत राहत.

मला सगळं दिसत होतं. मी थांबू शकत नव्हतो, कारण थांबणं माझ्या हातात नसतं. पिष्ट दिसलं की मी ते तोडणारच. आणि सांगणार कसं? जन्मभर जिभेच्या शेजारी राहिलो, पण मला एक अक्षर बोलता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, तशी गत झाली होती.

काकूंनी पावडरीवर संशय घेतला. डबा घेऊन त्या औषधाच्या दुकानात जाऊन भांडल्या. नवा डबा आणला, दुप्पट पावडर घातली. तरी दुपारी तेच. त्यांना वाटलं, ठसका काकांच्या घशामुळे लागतोय, घसाच हरला. एके दिवशी काकांना ताप भरला. थोडं पाणी फुप्फुसात गेलं होतं. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया. डॉक्टर म्हणाले, "औषधाने हे बरं होईल. पण असं पुन्हा झालं तर आपण पोटातून नळी बसवू आणि तोंडाने देणं बंद करू."

पोटातली नळी वाईट नसते, मित्रांनो. ती कित्येकांचा जीव वाचवते, आणि ज्यांना तिची गरज आहे त्यांनी तिला मुळीच घाबरू नये. पण काकांना तिची गरज नव्हती. त्यांचा घसा रोज थोडा थोडा शहाणा होत होता. हे कुणाला माहीत नव्हतं, फक्त मला माहीत होतं.

त्यांची लेक टपाल कचेरीत कामाला होती. कामावरून थेट घरी येई आणि आईच्या हातातला चमचा घेई. एका संध्याकाळी ठसका थांबल्यावर ती आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, रोज जीव टांगणीला लावण्यापेक्षा नळी बसवून टाकू या. मला बाबा हवेत गं. जेवले नाहीत तरी चालतील."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहून, भिंतीकडे तोंड करून जेवल्या. काकांना खाता येत नाही म्हणून त्यांच्यासमोर खायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. काकांना ते कळत होतं. पुढच्या खोलीतून त्यांना ताटावर चमचा वाजल्याचा आवाज येई, आणि टेबलाची समोरची खुर्ची रिकामी दिसे. त्या दिवशी त्यांनी चांगल्या हाताने टेबल ठोकलं. पुन्हा पुन्हा ठोकलं.

काकू धावत आल्या. "काय हो? काय होतंय?"

"इथं... बस," काका अडखळत म्हणाले. "इथं... जेव."

"तुमच्यासमोर माझ्या घशाखाली उतरेल का?"

"उतरव," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

काकू बसल्या, पण त्यांनी घास उचलला नाही.

मॅडमच्या मात्र डोक्यात एक गोष्ट घोळत होती. दवाखान्यात त्यांच्या हातून काका नीट गिळत होते. ताप उतरल्यावर पुन्हा तपासलं, तेव्हाही ठसका नाही. मग घरीच काय होतं? नळीचा निर्णय व्हायच्या आधी एकदा घर बघावं म्हणून त्या स्वतः आल्या. दुपारची वेळ होती. लेकही रजा घेऊन थांबली होती.

"रोज कसं देता ते मला दाखवा," मॅडम म्हणाल्या. "मी आहे असं समजू नका."

काकूंनी उशाचं पातेलं पुढे ओढलं. चमचा उचलला. मॅडमनी त्यांचा हात मधेच धरला. चमच्यावरून पाणी टपटप गळत होतं.

"हे दाट केलंय?"

"सकाळी केलं तेव्हा चमचा उभा राहत होता बघा. मी काय आज पहिल्यांदा ढवळतेय का? पावडरच बोगस आहे. दुपारपर्यंत दाट राहतच नाही."

"सकाळचं आहे हे? आणि हाच चमचा?"

"हो. ब्रश जसा..." काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर पातेल्यावरून कोपऱ्यातल्या कामाच्या टेबलाकडे गेली. तिथे बशीत वाळलेला स्पंज अजून पडून होता.

मॅडमनी दोन पेल्यांत नवं पाणी दाट केलं. रिकामा चमचा काकांच्या तोंडात घालून मग एका पेल्यात फिरवला. दुसऱ्या पेल्याला हात लावला नाही. सगळे बघत राहिले. चमचा फिरवलेला पेला थोड्या वेळाने हलवला तर आत पाणी डुचमळलं. दुसरा पेला हलवला तर काहीच हललं नाही.

आणि काकूंनी कपाळावर हात मारला.

"अहो! तुमची लाळ! जन्मभर माझी खळ पातळ केलीत, आता औषधही पातळ करताय?"

काका आधी गोंधळले, मग त्यांना उमगलं, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा ते खदखदून हसले. मॅडमना ते हसू कळेना, तेव्हा लेकीने त्यांना खळीची सगळी हकीकत सांगितली. मॅडम म्हणाल्या, "मला शंका होती, पण तुम्ही पातेलं भरून करत असाल हे डोक्यातच आलं नाही. दाट करा एवढंच सांगितलं मी. दाट राखायचं कसं हे सांगायला हवं होतं." मग त्यांनी माझं नाव घेतलं. अमायलेज. त्या घरात माझं नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. "हे फार कष्टाळू विकर आहे हो," त्या म्हणाल्या, "त्याला काम दिसलं की ते थांबत नाही."

एवढ्या नाचक्कीनंतर मला कुणी कष्टाळू म्हटलं! तो शब्द कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं मला.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. पातेलं माळ्यावर गेलं. तहान लागेल तेव्हा घोटभरच पाणी दाट करायचं, तोंडात गेलेला चमचा पुन्हा पेल्यात घालायचा नाही. पुढे मॅडमनी दुसऱ्या प्रकारची पावडर आणवली. ती डिंकासारख्या पदार्थाची होती. त्या डिंकाचे दुवे माझ्याने तुटत नाहीत, जसे कागदाचे तुटत नाहीत. मी तिच्यापासून चार हात दूर राहिलो आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. "डिंक होय?" काकू डबा हुंगत म्हणाल्या. "मग आधीच सांगायचं नाही का? डिंकाचं आम्हाला कळतं." ठसके थांबले. ताप पुन्हा आला नाही. पोटातल्या नळीची गोष्ट कुणी काढेना. काका मानेचे आणि जिभेचे व्यायाम इतक्या नेमाने करू लागले की लेक म्हणाली, "बाबा, शाळेत असताना इतका अभ्यास केला असतात तर?"

दाट पाण्यावरून कुस्करलेला बटाटा आला. अगदी पहिल्या दिवसासारखा, फक्त या वेळी भरवणारं बोट काकूंचं होतं. काकांनी तो थुंकला नाही. मग मऊ भात आला. आणि एके दिवशी मॅडम सगळं तपासून म्हणाल्या, "काका, आज काय खावंसं वाटतंय?"

काकांनी जराही विचार केला नाही. "पाव."

काकूंनी टेबल पुसलं. दोन ताटल्या मांडल्या, समोरासमोर. पावाची कड काढून आतला मऊ तुकडा दुधात जरासा भिजवला आणि काकांच्या ताटलीत ठेवला. काकांनी तो स्वतःच्या हाताने उचलला. तो तोंडापर्यंत न्यायला वेळ लागत होता, पण काकूंनी मदत केली नाही, त्या नुसत्या बघत राहिल्या. तुकडा जिभेवर आला. मी केव्हापासून दारात उभा होतो! गालातून, जबड्याखालून, जिभेखालून आम्ही सगळे एकदम धावलो. काकांनी हळूहळू चावलं, इकडून तिकडे घोळवलं आणि डोळे मिटले. मी माळेमागून माळ तोडत गेलो. इतक्या आनंदाने मी कधीच काम केलं नव्हतं.

काकांनी हनुवटी खाली घेतली आणि गिळलं. ठसका आला नाही. डोळे उघडून ते काकूंना म्हणाले, "बघ. आता... गोड लागायला लागला."

"सावकाश," काकू म्हणाल्या. "माझी भांडी वाळली तरी चालतील." आणि त्यांनी स्वतःचा पहिला घास उचलला.

मित्रांनो, आता कारखाना पुन्हा सुरू आहे, पूर्वीइतका नाही, पण आहे. अर्धवट राहिलेल्या शब्दकोशाची पाठ काकांनी डाव्या हाताने शिवून पुरी केली. शिलाई थोडी वाकडी आली. त्या दिवशी काकूंनी कितीतरी महिन्यांनी खळ शिजवली आणि पातेलं काकांसमोर ठेवलं. स्पंजाची बशीही शेजारी होती, या वेळी स्पंज ओला केलेला. काकांनी कागद सुटा करायला बोट उचललं. ते सवयीने जिभेकडे गेलं आणि मधेच थबकलं. काकांनी चोरून काकूंकडे पाहिलं.

काकूंनी स्पंजाची बशी उचलली आणि दूर सरकवली.

"घाला बोट," त्या म्हणाल्या. "पातळ झाली तर झाली. मी दुसरी शिजवेन."

म्हणून मी त्या दिवशी काकांच्या बोटावरून थेट खळीत उतरलो, राजरोस, मालकिणीच्या परवानगीने.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. जेवताना घाई करू नका. मला थोडा वेळ द्या, साध्या पावातसुद्धा मी तुम्हाला गोडवा काढून दाखवीन. आणि तुमच्या घरात कुणी फार सावकाश जेवत असेल, घास घोळवत असेल, ठसकत असेल, तर आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसा. त्यांचं होईपर्यंत बसा.